बीजीएमआयचा नवा सीझन येतोय. दुकानदारांनो, पन्नास रुपयांची रूम लावू नका



बीएमपीएस, म्हणजे बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया प्रो सिरीज. तिचा सीझन जवळ आला की आमच्या दुकानात कॅलेंडर न बघता कळतं. टेम्पर्ड ग्लास, अंगठ्याला घालायच्या स्लीव्ह, मोबाइलच्या मागे चिकटवायचा कूलिंग फॅन, सगळ्याची विचारणा वाढते. आणि "दादा, याच्यावर ९० एफपीएस चालतं का?" हा प्रश्न दिवसातून दहादा येतो. येऊ द्या, गिऱ्हाईक आहे.

पण यंदा आपल्या ग्रुपवर वेगळाच प्रश्न आलाय, आणि एकाने नाही, तीन-चार जणांनी विचारलाय. सर, सीझनच्या निमित्ताने दुकानातर्फे टूर्नामेंट घेऊ का? सोळा टीम, टीममध्ये चार पोरं, प्रत्येकाकडून ५० रुपये. जमा ३,२०० रुपये. जिंकणाऱ्या टीमला दोन हजार, उरलेले बाराशे आपले. वर दुकानाची जाहिरात फुकट.

हिशोब वहीत छान दिसतो. माझं उत्तर एका शब्दात आहे: नको. का नको, ते सविस्तर सांगतो, कारण "सर नको म्हणाले" एवढ्यावर तुम्ही थांबणार नाही हे मला माहितीय.

आधी ही लीग काय आहे ते, ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बीजीएमआय हा गेम क्राफ्टन या दक्षिण कोरियाच्या कंपनीचा. त्याच्या मोठ्या दोन स्पर्धा म्हणजे बीजीआयएस आणि बीएमपीएस. बीजीआयएसमध्ये साधी पोरंही नाव नोंदवून पात्रता फेऱ्या खेळू शकतात. बीएमपीएस ही नावाप्रमाणे प्रो टीमांची. फायनलला सोळा टीम, म्हणजे ६४ खेळाडू, एकाच मॅपवर उतरतात. मॅचमध्ये शेवटपर्यंत टिकलेल्या टीमला १० पॉइंट, दुसरीला ६, तिसरीला ५, असं उतरत जातं, आणि मारलेल्या प्रत्येक खेळाडूमागे एक पॉइंट. त्यामुळे नुसतं लपून बसून भागत नाही आणि नुसतं धावत सुटूनही भागत नाही. बघायला मजा येते, खोटं कशाला बोलू. २०२४ ला बीजीआयएसची फायनल हैदराबादला झाली, २०२५ ला कोलकात्याला, आणि दोन्हीकडे प्रेक्षक हॉलमध्ये बसून बघत होते. २०२४ ला बक्षिसाची एकूण रक्कम दोन कोटी होती.

आता धंद्याच्या नजरेने बघा. क्रिकेट कोणाच्या मालकीचं आहे? कोणाच्याच नाही. उद्या आयपीएल बंद पडली तरी तुमच्या गल्लीतली टेनिस बॉलची टूर्नामेंट चालूच राहील. बीजीएमआयचं तसं नाही. गेम कंपनीचा, सर्व्हर कंपनीचा, नियम कंपनीचे, लीगही कंपनीची. कंपनीने किंवा सरकारने बटण दाबलं की मैदानच गायब. हे मी मनाने सांगत नाही, झालेलं आहे.

पबजी मोबाइलवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली. जुलै २०२१ मध्ये तोच गेम बीजीएमआय या नावाने परत आला. वर्षभरात, कंपनीनेच सांगितल्याप्रमाणे, नोंदवलेल्या खेळाडूंची संख्या दहा कोटींवर गेली. २०२२ च्या जून-जुलैमध्ये बीजीएमआयची मास्टर्स सिरीज स्टार स्पोर्ट्सवर टीव्हीवर दाखवली गेली. टीव्हीवर! सगळे म्हणत होते, आता ई-स्पोर्ट्सला मागे वळून बघायला नको. ती सिरीज संपून दोन आठवडे होत नाहीत तोच, २८ जुलै २०२२ ला, गेम प्ले स्टोअर आणि अॅप स्टोअरवरून काढला गेला. परत आला तो मे २०२३ च्या शेवटी, तोही आधी तीन महिन्यांच्या चाचणी परवानगीवर. मधले दहा महिने टीमच्या मालकांनी पगार कुठून द्यायचे? ज्या पोराने कॉलेज सोडून हेच करिअर धरलं होतं त्याने काय करायचं?

आपण चॅनलवर नेहमी म्हणतो ना, एकाच सप्लायरवर अख्खं दुकान उभं करू नका. हे त्याचं सगळ्यात मोठं उदाहरण आहे. इंडोनेशियात मोबाइल लेजेंड्सची लीग आहे, एमपीएल. तिथे २०१९ मध्ये चौथ्या सीझनपासून फ्रँचायझी पद्धत आली, टीमने मोठी रक्कम भरायची आणि लीगमध्ये कायमची जागा मिळवायची. म्हणजे निदान पुढच्या सीझनला आपण आहोत एवढी तरी खात्री. आपल्याकडे टीमला दर सीझनला खेळूनच जागा मिळवावी लागते. खेळ म्हणून ते जास्त न्याय्य आहे, मला तेच आवडतं. पण त्यात पैसे घालणाऱ्याची झोप उडते, हेही तितकंच खरं.

असो. आता तुमच्या बाराशे रुपयांकडे येऊ.

२२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही होऊन ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा झाला. ड्रीम इलेव्हनने क्रिकेट टीमच्या जर्सीवरून काढता पाय घेतला तो याच कायद्यामुळे, हे तुम्हाला आठवत असेल. बातम्यांत आपण एवढंच ऐकलं की रमी-बिमी बंद आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता. त्यामुळे लोकांना वाटतं, बीजीएमआय तर ई-स्पोर्ट, मग आपल्याला कोण विचारतंय? इथेच गफलत आहे.

कायद्याने 'ऑनलाइन मनी गेम'ची व्याख्या साध्या शब्दांत अशी केलीय: खेळणाऱ्याने फी किंवा पैसे भरायचे आणि त्याबदल्यात पैसे किंवा तसा काही फायदा मिळण्याची आशा धरायची. गेम कौशल्याचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा असो, फरक पडत नाही. म्हणजे "सर, हा स्किलचा गेम आहे" ही ढाल गेली. यातून ई-स्पोर्ट्सला सूट आहे, त्यात प्रवेश फी आणि बक्षीसही चालतं. पण ई-स्पोर्ट कशाला म्हणायचं तेही कायद्यातच लिहिलंय: राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायद्याखाली मान्यता हवी, प्राधिकरणाकडे नोंदणी हवी, फी फक्त स्पर्धेत प्रवेशासाठी किंवा आयोजनाच्या खर्चासाठी हवी आणि पैज कुठल्याच स्वरूपात नको.

आता तुमची रूम या चाळणीत टाका. पन्नास-पन्नास गोळा केले, त्यातूनच बक्षीस दिलं, उरलेले खिशात घातले. नोंदणी नाही, मान्यता नाही. ही ई-स्पोर्ट्स टूर्नामेंट कोणत्या अंगाने झाली? आमच्याकडे जत्रेत चक्र फिरवून पैसे लावायचे, त्याचंच हे मोबाइलवरचं रूप दिसेल, निदान पोलिसांना तरी तसंच दिसेल. पैशांचा गेम चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, आणि गुन्हा अजामीनपात्र. जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि ५० लाखांपर्यंत दंड. खेळणाऱ्या पोरांना शिक्षा नाही, चालवणाऱ्याला आहे. आणि चालवणारा कोण, हे शोधायला लांब जायला नको, कारण पैसे तुम्ही दुकानाच्या क्यूआर कोडवर घेतलेत आणि पोस्टरवर दुकानाचं नाव मोठ्या अक्षरात छापलंय.

"अहो सर, तालुक्याच्या गावात कोण बघतंय?" असं मला एकाने व्हॉइस नोट टाकून विचारलं. भाऊ, कोणी बघायला येणार नाही, मान्य. पण हरलेल्या पोराचा बाप येईल. दोन टीममध्ये हॅकवरून भांडण होईल, कारण ते होतंच, आणि एक जण रागाने पोलीस ठाण्यात जाईल. समोरच्या गल्लीतला तुमचा स्पर्धकही मोबाइलवालाच आहे, तोही काही झोपलेला नाही. बाराशे रुपयांसाठी दहा वर्षांचं नाव कशाला पणाला लावायचं? पोरांच्या आया आपल्या दुकानातून चार्जर नेतात त्या विश्वासावर नेतात. त्यांना उद्या कळलं की हाच आपल्या मुलाकडून पैसे लावून घेतो, तर त्या दुकानाची पायरी चढणार नाहीत. कायद्यापेक्षा मला या गोष्टीची जास्त भीती वाटते.

मग सीझन नुसता बघत बसायचा का? नाही. धंदा आहे, आणि चांगला आहे. फक्त पैसा गेमच्या आत नाही, गेमच्या बाहेर आहे.

सीझन सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी माल भरा. स्लीव्ह, वायरचे इअरफोन (खेळणारी पोरं ब्लूटूथ टाळतात, आवाज उशिरा येतो म्हणून), कूलिंग फॅन, लांब वायरचे चार्जर. बॅटरी बदलायची कामं याच काळात वाढतात, कारण तासन्‌तास चार्जिंगला लावून खेळल्याने बॅटरी फुगलेली असते. ती फुगलेली बॅटरी गिऱ्हाइकाला दाखवा आणि चार्जिंगला लावून खेळू नको म्हणून सांगा. एक विक्री कमी होईल, माणूस कायमचा होईल. आणि मोबाइल विकताना खोटं बोलू नका. ज्या फोनवर ९० एफपीएस चालत नाही त्यावर "चालतं की" म्हणून विकलात तर ते पोरगं संध्याकाळीच परत येतं, आणि एकटं येत नाही, चार मित्र घेऊन येतं.

स्वस्तात यूसी भरून देण्याच्या धंद्यात मात्र पडू नका. अर्ध्या किमतीत यूसी देणारा कोणीतरी टेलिग्रामवर भेटतो, त्याचा माल कुठून येतो हे तुम्हाला ठाऊक नसतं, आणि पोराचं अकाउंट बंद झालं की शिव्या तुम्हालाच.

टूर्नामेंटची फारच हौस असेल तर प्रवेश पूर्ण मोफत ठेवा. बक्षीस दुकानाच्या खिशातून, जाहिरातीचा खर्च समजून, इअरफोन किंवा टी-शर्ट. "पाचशेची खरेदी करा आणि एंट्री मिळवा" अशी पळवाट काढू नका, तीही फीच झाली. गेम कंपनीचे बाहेरच्या स्पर्धांसाठी परवानगीचे नियम असतात, ते वाचून रीतसर अर्ज करा. आणि हे सगळं कागदावर लिहून तुमच्या वकिलाला एकदा दाखवा. फायनलची मॅच मोठ्या स्क्रीनवर दाखवायची असेल तर आयोजकांना मेल टाकून विचारा, तिकीट लावू नका, आणि ती परीक्षेच्या आदल्या रात्री ठेवू नका. हे शेवटचं कोणत्याही कायद्यात नाही, पण तुम्ही त्याच गावात राहता.

आता एक बाजू राहिली, ती दुकानात आईबापांकडून येते. मागच्या महिन्यात एक काका आले. मुलगा बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला. म्हणाले, "पोरगं म्हणतंय कॉलेज सोडून प्रो व्हायचं, दोन कोटी बक्षीस असतं. तुम्ही सांगा आता, तुमचं ऐकतो तो." मी काकांना काही सांगितलं नाही. पोराला बोलावलं आणि त्याच्याकडूनच बिलाच्या मागे हिशोब करून घेतला. समज, तुझ्या टीमला दहा लाख मिळाले. ३० टक्के टीडीएस गेला, राहिले सात. ज्या संस्थेकडून खेळतोस तिचा वाटा करारावर ठरतो, वीस टक्के धरू, दोन लाख गेले, राहिले पाच. चार खेळाडू, एक राखीव, एक कोच. प्रत्येकी साधारण ८३ हजार. हे दहा लाख मिळाले तर. फायनलला ६४ जण, आणि खेळणारे दहा कोटी.

पोरगं थोडा वेळ गप्प बसलं. मग म्हणालं, "पण मॉर्टल?" बरोबर प्रश्न. नवी मुंबईचा नमन माथुर, म्हणजे मॉर्टल, आणि त्याची सोल टीम २०१९ ला पबजीची इंडिया सिरीज हैदराबादला जिंकली. पण तो घराघरात पोहोचला ते त्याच्या यूट्यूबमुळे. त्याने प्रेक्षक जमवले, आणि प्रेक्षक गेम बंद पडल्यावरही त्याच्याकडे राहिले. मी पोराला म्हटलं, तुला यातच राहायचं असेल तर खेळाडू सोडून बाकीची खुर्ची बघ. व्हिडिओ एडिटिंग, मराठीतून कॉमेंट्री, टीमचा मॅनेजर, इव्हेंटचं काम, आणि हो, टीमचे हिशोब. बी.कॉम. तिथे लागतं. अठरा पूर्ण व्हायच्या आत मात्र कुठल्याही करारावर स्वतः सही करायची नाही, तो करार कायद्याने उभाच राहत नाही. हा एकोणीसचा आहे, पण त्याच्या टीममधले दोघे सतरा वर्षांचे आहेत.

तो सध्या शनिवार-रविवार दुकानात येऊन माझे व्हिडिओ एडिट करतो. बीजीएमआय खेळतोच, काका अजून कुरकुरतातच.

ज्यांनी रूमचे पोस्टर आधीच छापून घेतलेत त्यांनी ग्रुपवर मला फोटो पाठवा. मोफत एंट्रीसाठी त्यातला मजकूर कसा बदलायचा आणि परवानगीच्या अर्जात काय लिहायचं, ते गुरुवारच्या व्हिडिओत दाखवतो.