टोलेडोची जीप आणि सास्तूरचं जीपडं

धाराशिव जिल्ह्याच्या लोहारा तालुक्यात, तेरणेच्या खोऱ्यात, सास्तूर नावाचे गाव आहे. त्या बाजूला मागून चढता येणाऱ्या कोणत्याही चारचाकी गाडीला जीप म्हणतात. ती कोणत्या कारखान्यातली, तिच्या कपाळावर नाव कोणते, याची चौकशी कोणी करीत नाही. "जीप गेली का हो?" एवढेच विचारायचे, आणि गेली असली तर पुढचीची वाट बघत पिंपळाखाली बसायचे.

भाषेच्या मास्तराला यात मोठी मौज वाटते. हा शब्द मराठीत आला तो 'गाडी'च्या आधाराने स्त्रीलिंगी झाला. अनेकवचन कोणी 'जीपा' करतो, कोणी 'जीपगाड्या' म्हणून वेळ मारून नेतो. पण खेड्याने त्याचे 'जीपडं' असे जे रूप घडवले, त्याला तोड नाही. आपल्या नपुसकलिंगात तिरस्कार आणि माया एकाच घरात नांदतात. 'पोरगं' म्हणताना आई रागावलेली आहे की लाडात आलेली, हे सुरावरूनच कळायचे. तालुक्याचे साहेब येतात ती जीप. आपण अठराजण दाटीवाटीने बसून बाजाराला जातो ते जीपडं. गाडी तीच, पण एक आपल्याकडे येते आणि दुसरी आपल्याला घेऊन जाते. मला सांगायचे आहे ते या दोहोंच्या मधले.

आधी घराण्याची हकीकत सांगतो. १९४० च्या जुलैत अमेरिकन लष्कराने तब्बल १३५ कारखानदारांकडे मागणी पाठवली: चारही चाकांना जोर मिळेल अशी हलकी गाडी हवी, आणि तिचा नमुना ४९ दिवसांत हवा. मुदतीची हमी दिली ती एकट्या बँटम कंपनीने. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावचा हा कारखाना तेव्हा दिवाळे निघण्याच्या बेतात होता. कार्ल प्रॉब्स्ट नावाच्या इंजिनिअरला त्यांनी बोलावून आणले. त्याने दोनेक दिवसांत आराखडा काढला आणि २३ सप्टेंबरला, मुदत सरत असताना, गाडी लष्कराच्या दारात उभी राहिली. लष्कराला ती पसंत पडली. मग लष्कराने काय करावे? कारखाना लहान म्हणून त्याचे नकाशे टोलेडोच्या विलीस कंपनीला आणि फोर्डला दाखवले! विलीसजवळ साठ अश्वशक्तीचे दणकट इंजिन होते. पुढे महायुद्धात विलीसने साडेतीन लाखांवर आणि फोर्डने पावणेतीन लाखांवर जीपा बांधल्या. बँटमच्या वाट्याला तीन हजारही आल्या नाहीत. लष्कराला लागणारे ट्रेलर बांधून त्यांनी युद्ध काढले. पोर एकीचे आणि बारसे दुसरीच्या अंगणात, अशातला हा प्रकार.

नावाचाही असाच घोळ आहे. कोणी ते 'जी. पी.' या अक्षरांपासून आले म्हणतात, कोणी १९३६ साली पॉपायच्या चित्रकथेत अवतरलेल्या 'जीप' नावाच्या चमत्कारिक प्राण्यापासून. काही का असेना, १९५० साली विलीसने ते नाव आपल्या मालकीचे म्हणून नोंदवून घेतले. पुढे नावाचे मालक मात्र बदलत गेले. १९५३ साली कैसर आले, १९७० साली अमेरिकन मोटर्स, १९८७ साली क्रायस्लर, आणि २०२१ पासून स्टेलँटिस हे आडनाव लागले आहे.

आपल्याकडे अमेरिकन मोटारींचे वेड जुने. जनरल मोटर्सने १९२८ सालीच मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता. आमच्या सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून १९४७ साली डॉज आणि प्लिमथ बाहेर काढल्या. त्या गाड्या मोठ्या ऐटबाज होत्या. मलबार हिलवर शोभाव्यात अशा. पण मराठवाड्याच्या काळ्या रानात आषाढात त्यांचे काय झाले असते, याची कल्पनाच केलेली बरी. ही माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात चाकाला अशी लपेटते की बैलही मान टाकतात. तिथे लागते ती उंच पोटाची, आखूड, चारी चाकांनी ओरबाडत वर येणारी गाडी.

तीही मुंबईतूनच आली. महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहंमद यांनी १९४५ साली पोलादाच्या व्यापारासाठी 'महिंद्र अँड मोहंमद' ही पेढी काढली. फाळणीनंतर भागीदार पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर-जनरल झाले. इकडे १९४८ साली पाटीवर दोन्हीकडे 'महिंद्र' हेच नाव आले. कैलासचंद्र महिंद्र युद्धकाळात अमेरिकेत होते. तिथे विलीसचे इंजिनिअर बार्नी रूस यांच्याशी त्यांची गाठ पडली आणि त्यातून ही कल्पना निघाली, असे कंपनीच्या इतिहासात सांगतात. सुटे भाग आणून माझगावात जीप जुळवली जाऊ लागली १९४९ साली. नुसती जुळणी करणाऱ्या परदेशी कंपन्यांनी इथेच भाग बनवावेत, असे सरकारी धोरण ठरले तेव्हा जनरल मोटर्स आणि फोर्ड यांनी १९५४ साली गाशा गुंडाळला; जीप मात्र हळूहळू देशी होत राहिली. तिचे उंच बॉनेटचे रूप आपल्याला ओळखीचे आहे. विलीसचे नवे इंजिन जुन्या बॉनेटखाली मावेना, म्हणून १९५३ साली ते बॉनेट उंच केले होते. टोलेडोत ते रूप १९६८ साली बंद झाले. आपल्याकडे त्यानंतरही वर्षानुवर्षे निघत राहिले.

मराठवाड्याला जीपची ओळख झाली ती लष्करी वेषात. आमचा जिल्हा निजामाच्या राज्यात होता. १३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल चौधरी यांच्या फौजा सोलापूरहून नळदुर्गावर निघाल्या आणि पाच दिवसांत हैदराबाद संस्थान शरण आले. त्यानंतर जीप आली ती सरकार होऊन. कलेक्टर, फौजदार, लेव्हीची ज्वारी वसूल करणारे अंमलदार आणि दर निवडणुकीला कर्णे लावलेले उमेदवार, हे सारे जीपमधून उतरत. दूरवर धुरळा दिसला की कोणाच्या घरी चहाचे आधण चढे आणि कोणाच्या घरी ज्वारीची पोती बळदात उतरत. १९७२ च्या दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायकाही त्या धुरळ्याकडे डोळे लावून असत. कारण हजेरीपत्रक आणि मजुरी त्याच धुरळ्यातून यायची. पण त्या जीपमध्ये बसण्याचा प्रसंग गावकऱ्यावर येई तो बहुधा फौजदाराबरोबर, आणि तो काही भाग्याचा मानीत नसत.

मग एके दिवशी तीच जीप लिलावात निघे. सास्तूरच्या एका गृहस्थांनी अशी एक म्हातारी सरकारी जीप घेतली होती. आता ते सत्तरीपुढचे आहेत, आणि गाडीबद्दल बोलायला बसले की संध्याकाळ होते. पेट्रोलवर ती पोसणे म्हणजे हत्ती पाळणे, म्हणून त्यांनी आधी तिचे इंजिन काढून डिझेलचे बसवले. मागे बाके वाढवली. ताडपत्री शिवून घेतली. पाटे इतक्यांदा तुटले की उमरग्याचा फिटर त्यांना पाहुणा मानू लागला. थंडीत सकाळी ती धक्क्याशिवाय चालू होत नसे. पण धक्का द्यायला उतारू तयारच असत, कारण ज्याने धक्का दिला त्याला पुढची जागा, असा त्यांचा कायदा होता. "साहेबाची होती तेव्हा हिच्यात चारजण बसायचे," ते सांगतात, "माझ्याकडे आली अन् हिचं पोट वाढलं." बाळंतपणाला निघालेल्या बाईचे भाडे ते घेत नसत. परतताना मूल बरोबर असले तर मात्र पेढे मागून घेत.

पुढे कमांडर आल्या, त्यांना परवान्याचे काळे-पिवळे रंग आले आणि 'काळी-पिवळी' हे तिचे नवे नाव झाले. मागे पायरीवर चौघे लोंबकळत, चालकाच्या उजव्या बाजूलाही एकजण बसे. हे कायद्याचे नव्हते आणि सुरक्षिततेचे तर मुळीच नव्हते, अपघातही होत. पण ज्या गावाला एस. टी. दिवसातून दोनदा दर्शन देई, तिथल्या मुली कॉलेजात गेल्या त्या याच गाड्यांतून, हेही खरे.

त्या गृहस्थांच्या जीपला एक अडचण होती. जुन्या सास्तुरात तिला घरापर्यंत नेता येत नसे. बोळ अरुंद, दोन्हीकडे दगडमातीच्या जाडजूड भिंती, वर मातीचे जड माळवद. म्हणून ती रात्री वेशीबाहेर उघड्यावर उभी असे. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, अनंत चतुर्दशीचे विसर्जन करून माणसे नुकती निजली होती तेव्हा, किल्लारीचा भूकंप झाला. त्या जाड भिंती आणि ती माळवदे झोपलेल्या माणसांवर आली. घरे गेली, वेशीबाहेरची जीप जशीच्या तशी उभी होती. पण बोळात दगडांचे ढीग झाल्याने तिला आत नेता येईना. माणसांना बाजल्यावर घालून तिच्यापर्यंत आणावे लागले. त्यांनी उमरग्याच्या किती खेपा केल्या ते ते सांगत नाहीत. घरातले कोण गेले तेही सांगत नाहीत, आणि मी विचारले नाही. एवढेच म्हणाले, की पाऊस लागला होता आणि ताडपत्री गळत होती.

भूकंपानंतर जी गावे नव्याने वसवली, तिथले रस्ते आखीव, रुंद आहेत. दारात गाडी उभी राहते. या मंडळींची जीप काही वर्षे तशी राहिली, मग डिझेलचे इंजिन एकाने घेतले, सांगाडा भंगारात गेला.

इकडे अमेरिकेत मात्र जीपच्या चेहऱ्यावरून खटला पेटला. महिंद्रांनी २०१८ साली तिथे रॉक्सर नावाची शेतात-डोंगरात फिरवायची गाडी विकायला काढली. ती आपल्या जुन्या जीपचीच वंशज. जीप या नावाचे त्या वेळचे मालक तक्रार घेऊन गेले की हा आमच्या गाडीचा तोंडवळा आहे, आणि २०२० च्या जूनमध्ये तिथल्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने तक्रार मान्य करून त्या रूपातल्या रॉक्सरला मनाई केली. महिंद्रांनी चेहरा बदलला, तेव्हा त्याच वर्षीच्या डिसेंबरात नवे रूप चालेल असे ठरले. कायद्याने जे ठरले ते ठरले. पण सत्तर वर्षे हे रूप ज्यांनी रस्त्यावर ठेवले त्यांनाच ते उतरवावे लागले, हे वाचताना बटलर गावच्या त्या बँटमची आठवण झाल्यावाचून राहिली नाही.

आणि खरी, नावानिशी जीप आता पुन्हा महाराष्ट्रातच तयार होते. पुण्याजवळ रांजणगावच्या कारखान्यात २०१७ पासून जीप कंपास बनते. किंमत लाखांच्या दोन आकडी घरात. आत थंड हवा, काचा बंद. गेल्या दिवाळीत पुण्याला नोकरी करणाऱ्या एका मुलाने तशी गाडी सास्तूरला आणली होती. पुढच्या जाळीला टोलेडोच्या सात फटी, वर रोमन अक्षरांत 'जीप' असे लिहिलेले. ते सत्तरीचे गृहस्थ तिच्याभोवती एक फेरी मारून आले, मागून चढायची सोय आहे का ते पाहिले, आणि "कार चांगली हाय" म्हणाले. मग उमरग्याला जायचे म्हणून नाक्यावर गेले. तिथे एक बोलेरो भरत होती. तिच्या चालकाला त्यांनी लांबूनच हाक मारली, "जीप थांबव रं!"