टर्बाईन फिरलं, पाणी कुठं गेलं?

गेमच्या खोक्यावर 'अगदी खराखुरा अनुभव' असं छापलेलं दिसलं की माझं टाळकं सरकतं. काचेवरून ओघळणारा पावसाचा थेंब हुबेहूब, सायलेन्सरचा आवाज हुबेहूब. आणि इंजिन? गार असो वा तापलेलं, बटण दाबलं की सुरू! आमच्या राजारामपुरीपासून उद्यमनगर हाकेच्या अंतरावर. विहिरीवरचं डिझेल इंजिन हँडल मारून सुरू केलेली माणसं इथं अजून भेटतात. खटका वर धरून फ्लायव्हीलला वेग द्यायचा, मग खटका सोडायचा. चुकलं की हँडल उलटं फिरून मनगटावर. असं इंजिन मला एकाही गेममध्ये भेटलेलं नाही.

पण माझं खरं भांडण वीजकेंद्रांशी आहे. सिमसिटीत कोळशाचं केंद्र मांडा, तारा ओढा, झालं. वीज कमी पडली की घरांवर विजेचं चिन्ह लुकलुकणार. कुणाची बत्ती घालवायची हे कुणीच ठरवत नाही. इथं रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजणाऱ्याला विचारा, ते कोण ठरवतं!

फॅक्टोरिओला मात्र सलाम. तिथं बॉयलरमध्ये कोळसा घालणारे हात विजेवर चालत असतील, तर वीज घटली की हात मंदावतात, कोळसा घटतो, वीज आणखी घटते आणि सगळंच बसतं. खऱ्या औष्णिक केंद्रालाही सुरू व्हायला बाहेरून वीज लागतेच. पण ५० हर्ट्झ त्यांनीही गाळलं. मागणी वाढली की जाळ्यावरची सगळी जनित्रं एकदम किंचित मंदावतात. तो वेग क्षणाक्षणाला सावरणं हाच या धंद्याचा जीव. ३० आणि ३१ जुलै २०१२ ला, लागोपाठ दोन दिवस, जाळं कोसळलं आणि अर्धा देश अंधारात गेला. गेममध्ये फक्त यंत्रं हळू चालतात. बिचारी!

आता कोयना घ्या. १९६० मेगावॉट. गेमवाल्याच्या लेखी धरण म्हणजे फुकटची वीज, कोळसा नको, धूर नको. अहो, पोफळीला टर्बाईन फिरवून झालं की ते पाणी वाशिष्ठीतून चिपळूणकडे, समुद्राला जातं. ते कृष्णेत परत येत नाही. म्हणून तर लवादानं पश्चिमेकडं वळवायच्या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. प्रत्येक युनिट वीज म्हणजे पूर्वेकडच्या कुणाच्या तरी रानाला न मिळालेलं पाणी. हा हिशेब गाळून धरण दाखवायचं आणि वर त्याला वास्तव म्हणायचं?

भाचा म्हणतो, "मामा, एवढं सगळं घातलं तर खेळणार कोण?" हेच भाचेराव त्या फॅक्टोरिओत बंद पडलेले बॉयलर सुरू करत पहाटे तीनपर्यंत जागे होते. (ताई, तू हे वाचत असशीलच. रागावू नकोस त्याला.)

तर ब्लॉगवाल्या मंडळींत कुणी प्रोग्रॅमर असेल त्यानं मनावर घ्यावं. महिना एप्रिल, कोयनेचं वर्ष संपायला ३१ मे उजाडायचा आहे. वाट्याचं पाणी तळाला आलंय, संध्याकाळी मुंबईची मागणी चढतेय आणि सांगलीहून नदीत पाणी सोडा म्हणून फोन येतोय. भाच्याला पहिली लेव्हल हीच द्या.