आंबलेलं अंग आणि दुखण्याची गोळी

स्पोर्ट्स वीकचा दुसरा दिवस म्हणजे अख्खं हॉस्टेल कठडा धरून जिना उतरतं! मराठीत याला ‘अंग आंबणं’ म्हणतात. (कॉन्व्हेंटवाल्या मला हा शब्द मेसच्या मावशींनी शिकवला.) शब्द झकास, पण दोष आम्लाचा नाही. लॅक्टिक ॲसिड तास-दोन तासांत रक्तातून निघून जातं. दुखणं मात्र २४ ते ७२ तासांत शिगेला पोचतं. सवय नसलेल्या ताणाने स्नायूंच्या तंतूंना बारीक इजा होते, हे खरं कारण.

म्हणून माझं स्पष्ट मत : पेनकिलर खाऊन मॅचला उतरणं बंद करा. गोळीने दुखणं दबतं, स्नायू भरून येत नाही. शिवाय घाम जाऊन अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या किडनीला जड जातात. बर्फाने, मालिशने थोडं बरं वाटतं, एवढंच. हलकं चालणं, पोटभर जेवण आणि झोप हाच खरा इलाज. लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर मात्र थेट डॉक्टर गाठा!

आपल्या मालवण किनाऱ्यावर रापण ओढणारे पाहा. आपण एकदा दोर ओढला तर दोन दिवस हात वर होणार नाहीत. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा हजर! स्नायू एकदा सरावले की तोच ताण कमी दुखवतो. मग आपली प्रॅक्टिस स्पर्धेच्या आदल्या दिवशीच का सुरू होते? जिमखान्याने मैदान महिनाभर आधी खुलं करावं, आणि आपण निदान पंधरा दिवस आधी त्यावर उतरावं. काय म्हणता?