बुंध्यापर्यंत पोचलं का?

पौष पौर्णिमेला म्हशाला म्हसोबाची जत्रा भरते, तिच्यासोबत बैलांचा बाजार. तिथं गिऱ्हाईक आधी बैलाचे दात बघतं, खूर बघतं, मग त्याला चार पावलं चालवतं. मनात भरला तरच हात रुमालाखाली जातो. ड्रोनची सेवा देणारे आपण मात्र शेतकऱ्याला नुसतं उड्डाण दाखवतो. एकरभर फवारणी दहाएक मिनिटांत होते, पाठपंपाला दीडशे-दोनशे लिटर पाणी लागतं तिथं दहा लिटरवर भागतं. दोन्ही खरं. पण मुरबाड-शहापूरचा भातशेतकरी विचारतो ते वेगळंच: औषध बुंध्यापर्यंत गेलं का?

त्याचं बरोबर आहे. तपकिरी तुडतुडे चुडाच्या बुंध्याशी, पाण्याच्या जरा वर बसून रस शोषतात. लोंब्या येईपर्यंत पीक इतकं दाटतं की बारीक थेंब वरच्या पानांवरच अडकतात. पंख्यांचा झोत त्यांना खाली ढकलतो, पण ड्रोन उंचावरून किंवा घाईनं गेला की त्या झोताचा जोर वरच संपतो. मग वरून छान भिजलेल्या शेतात काही दिवसांनी गोल गोल करपलेले चट्टे दिसतात आणि बोल औषधाला लागतो.

यावर उपाय स्वस्त आहे. पाण्याचा थेंब पडला की निळा डाग उमटणारा पिवळा कागद मिळतो. काठीला तो शेंड्याला, मध्ये आणि बुंध्याशी लावा, काठी चुडांत रोवा आणि टाकीत साधं पाणी भरून एक फेरी मारा. खालचा कागद पिवळाच राहिला तर उंची, वेग, नोझल बदला, पाणी वाढवा, पुन्हा उडवा. आणि तो कागद शेतकऱ्याच्या हातात द्या.

ड्रोन हवा की नको, हा वाद आम्ही घालत नाही. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक माणसं गेली. तो पंप माणसाच्या पाठीवरून उतरलाच पाहिजे.

अडचण आहे ती इथल्या जमिनीची. पाच-दहा गुंठ्यांची खाचरं, एक दुसऱ्यापेक्षा गुडघाभर खाली, बांधावर साग-आंबा, वर विजेच्या तारा. एकट्याच्या पाच गुंठ्यांसाठी जाणं दोघांनाही परवडत नाही. त्यामुळे सावडीसारखंच ठरवायला हवं: एका वाडीची सगळी खाचरं एकाच सकाळी, वारा उठण्याआधी. आदल्या दिवशी घरोघर सांगायचं. शेजारी निर्यातीची भेंडी असेल तर त्या कडेची पट्टी सोडायची. वाऱ्यानं गेलेला फवारा त्या मालात उतरला तर शेजाऱ्याचा हंगाम जातो.

केंद्र सरकारनं नोव्हेंबर 2023 मध्ये नमो ड्रोन दीदी योजनेतून 15,000 महिला बचत गटांना ड्रोन द्यायचं ठरवलं. आमच्या मते भातपट्ट्यात हा निर्णय चपखल बसतो. लावणीत वाकून चिखलात उभ्या असतात त्या बायकाच. कुठल्या खाचरात पाणी साचतं, कुठं रोग आधी दिसतो, हे त्यांना पाठ असतं. नकाशा आखताना त्यांना बांधावर उभं करा.

येत्या खरिपातले तुमचे खालचे कागद आमच्याकडे पाठवा, सोबत उंची, वेग आणि नोझल लिहून. पिवळेच राहिलेले कागद आधी छापू.