खारबांधाची खांड पुढच्या उधाणाआधी बुजवा

पेणच्या खारेपाटातल्या शेतकऱ्याला हवामान बदल तापमानाच्या आकड्यांत नव्हे, उधाणाच्या भरतीत दिसतो. भाताची लावणी उरकलेली असते. अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती येते, वरून मुसळधार पाऊस आणि नदीचा लोंढा. खारबांधाला खांड पडते आणि खारे पाणी उभ्या भातात शिरते. रोह्याकडे कुंडलिकेच्या खाडीकाठीही हेच दुखणे आहे. समुद्राची पातळी वाढते आहे, तसा हा धोकाही वाढणार.

नुकसान एका हंगामाचे नसते. जमिनीतले मीठ धुऊन निघायला पुढचे पावसाळे लागतात. खांड तशीच राहिली तर दिवसातून दोनदा भरती आत येते, तिवरांच्या बिया घेऊन येते आणि काही वर्षांत सातबाऱ्यावरच्या भातशेतीत कांदळवन उभे राहते. खारफुटी तोडण्यावर मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये राज्यभर बंदी घातली, ती योग्यच. पण त्यानंतर त्या शेताचा बांध घालणे परवानग्यांत अडकते.

म्हणून 'शेती की खारफुटी' हा वादच चुकीचा. बांधाबाहेरची तिवरे लाटांचा मार अंगावर घेतात, ती राखलीच पाहिजेत. आत तिवरे नको असतील तर खांड लगेच बुजवावी लागते. दोन उधाणांच्या मध्ये भांग येतो, तेव्हा भरती कमी चढते. कामाला मिळतात ते एवढेच दिवस.

पूर्वी गावकरी एकत्र येऊन बांध राखत. पुढे 1948 आणि 1979 च्या खारजमीन कायद्यांनी सरकार यात उतरले. मोठ्या योजनांना सरकारी पैसा लागतोच, पण खांड बुजवायला अंदाजपत्रक, मंजुरी, निविदा? उधाण निविदेची वाट पाहत नाही. माती आणि यंत्राच्या भाड्यापुरता निधी पावसाळ्याआधीच ग्रामपंचायतीच्या हाती हवा. ओहोटीला पाणी सोडणाऱ्या उघाड्यांची झडपे मे महिन्यातच तपासायला हवीत.

कोकण कृषी विद्यापीठाच्या पनवेल केंद्राने काढलेली 'पनवेल 1', '2' आणि '3' ही भाताची वाणे खारटपणा बऱ्यापैकी सोसतात. रोज भरती आत येत असेल तर तीही टिकत नाहीत. तळ्यात जिताडा वाढवण्याची रीत खारेपाटात जुनीच आहे. तिचा जोड म्हणून उपयोग होईल, पण त्या तळ्यालाही बांध शाबूत लागतो.