विश्लेषण : स्वस्त भयपटाला रक्त लागते की भीती?

‘सगळे रक्तच रक्त, गोष्ट काहीच नाही’ किंवा ‘एवढ्या कमी पैशांत काय घाबरवलेय!’ कमी खर्चातला, रक्ताने माखलेला कोरियन भयपट पाहून झाला की प्रेक्षकाचे मत यांपैकी एका टोकाला जाऊन बसते. पेठ वडगावात रात्री अंथरुणात मोबाइलवर चित्रपट पाहणाराही त्याला अपवाद नाही. पण पडद्यावर रक्त किती दाखवावे, हा प्रश्न त्याच्याच जिल्ह्यात शंभर वर्षांपूर्वी उभा राहिला होता.

कोल्हापुरात काय घडले?

बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ हा मूकपट १९२० मध्ये आला. कंपनीला भांडवल दिले ते गायिका तानीबाई कागलकर यांनी. कॅमेराही कोल्हापुरातच घडवलेला. चित्रपटात भीम कीचकाला मारतो तो प्रसंग इतका हुबेहूब होता, की प्रेक्षक हादरले आणि तो भाग कापावा लागला. लोकमान्य टिळकांनी मात्र पेंटरांना ‘सिनेमा केसरी’ म्हणून गौरवले. (कीचकाच्या नशिबी कात्री आधीही आली होती. खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ नाटकावर सरकारने १९१० मध्ये बंदी घातली, ती राजकारणासाठी!)

कृष्णधवल पडद्यावर रक्त लाल दिसत नव्हते, संवाद ऐकू येत नव्हते. तरी तो वध अंगावर आला, कारण द्रौपदीचा अपमान प्रेक्षकाला ठाऊक होता आणि तो त्या क्षणाची वाट पाहत होता. नुसत्या रक्ताला हे बळ नसते.

मग कोरियन दिग्दर्शक काय करतात?

खोटे रक्त स्वस्त पडते. साखरेचा पाक, खायचा रंग आणि थोडा मेकअप. नामवंत कलाकार, भव्य सेट परवडत नसतील तर निर्माता रक्ताकडे वळतो, हा साधा हिशेब आहे. पण कमी खर्चाच्या कोरियन भयपटांतले मोठे यश ‘गोंजियाम : हाँटेड असायलम’ने (२०१८) मिळवले, ते रक्त आखडते घेऊन. पडक्या रुग्णालयात शिरलेल्या तरुणांच्या अंगावर कॅमेरे लावले, बरेचसे चित्रीकरण कलाकारांनीच केले आणि रिकाम्या बोळांनी प्रेक्षकाला घाबरवले.

याउलट किम जी-उन यांचा ‘आय सॉ द डेव्हिल’ (२०१०). तो स्वस्तही नाही आणि भुताखेताचाही नाही, पण हिंसेमुळे कोरियाच्या मानांकन मंडळाने त्याला रोखले. काही दृश्ये छाटल्यावरच तो चित्रपटगृहांत लागला. तिथला रक्तपात मात्र नायकाचा सूड त्यालाच कसा पोखरतो हे दाखवतो. तेव्हा ‘रक्त जास्त म्हणून चित्रपट वाईट’ हे मत आळशी आहे. ‘रक्त जास्त म्हणून धाडसी’ हे तर त्याहून आळशी.

कात्री आज कोणाच्या हाती?

चित्रपटगृहासाठी सेन्सॉर बोर्ड आहे. २०२३ च्या दुरुस्तीने ‘यूए’चे ७, १३ आणि १६ वर्षांपुढील असे तीन गट केले. ओटीटी बोर्डाच्या कक्षेत येत नाही. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार कंपन्या स्वतःच वयोगट ठरवतात. १३ वर्षांपुढील मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय आणि ‘ए’ मजकुराला वयाची खातरजमा बंधनकारक आहे.

नियमांत गृहीत धरलेले घर मात्र वेगळे आहे. एकच मोबाइल दिवसा वडिलांकडे, संध्याकाळी अभ्यासाच्या नावाखाली मुलाकडे, एकच प्रोफाइल आणि पासवर्ड सगळ्यांना पाठ, अशा घरात ते कुलूप कागदावरच राहते. शिवाय चित्रपटातले सर्वांत भीषण अर्धे मिनिट कापून ते रील म्हणून फिरते, त्यावर वयाचा शिक्काही नसतो. पूर्वी तिकीट खिडकीवरचा माणूस निदान पोराकडे एकदा निरखून पाहायचा.

कुलूप लावायचे तर ते प्रोफाइल वेगळे करण्यापासून लावावे लागेल. सेटिंगमधले हे काम दहा मिनिटांचे आहे. बहुतेक ॲपमध्ये ‘पालक नियंत्रण’ याच नावाखाली ते सापडते.