चार इंचांचा मोह

मराठीच्या प्राध्यापकाने जुनी जीप घेऊ नये, असा नियम कोणत्याही विद्यापीठाने अद्याप केलेला नाही. माझा अनुभव कळल्यावर कदाचित करतीलही. मात्र जीप घेण्यामागे शौक नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. कारण स्टाफरूममधल्या मंडळींनी माझ्याबद्दल उठवलेल्या वावड्या आमच्या घरापर्यंत येऊन पोहोचल्या आहेत.

आमचे मूळ घर राजापूर तालुक्यात. डांबरी सडक जिथे संपते, तिथून खाली घरापर्यंत तीन किलोमीटरची जांभ्याच्या दगडांची वाट आहे. मध्ये एक पऱ्या लागतो. दर पावसाळ्यात पाणी त्या वाटेच्या मधोमध नवा चर पाडते. रिक्षावाले सडकेवर सोडतात आणि पुढचे आपल्या पायांवर सोपवतात. 2021 साली आईचे खुब्याचे हाड मोडले, शस्त्रक्रिया झाली, आणि पायांवर सोपवण्याचा तो मार्ग बंद झाला. तेव्हापासून ती आमच्याकडे पुण्यात आहे. गावाला न्या, असे ती कधीही म्हणाली नाही. फक्त आषाढ लागला की विचारायची, "परसातल्या फणसाचे यंदा काय झाले असेल रे?" फणसाच्या चौकशीत दुसरे काय असते, ते कळायला मराठीत एम.ए. व्हावे लागत नाही.

म्हणून 2023 च्या आरंभी मी महिंद्राची जुनी एमएम 540 घेतली. पुढची-मागची दोन्ही चाके अखंड आसावर, आणि चारही चाकांवर पोलादी पाटे. पहिल्या फेरीला मी आणि आमचे मेहुणे असे दोघेच गेलो. पऱ्या ओलांडून वर चढताना जीपच्या पोटाला दगड लागला आणि खाडकन असा आवाज झाला की, माझे स्वतःचेच एखादे हाड गेले की काय, असे वाटले.

मेहुण्यांनी खाली वाकून पाहिले आणि निदान केले, "भाऊजी, हिला लिफ्ट करायला हवी."

लिफ्ट म्हटले की मला आमच्या सोसायटीची लिफ्ट आठवते. ती बहुधा बंद असते. मेहुण्यांनी समजावून सांगितले की, पाटे बदलून किंवा शॅकल लांब करून गाडीचा सांगाडा आसापासून वर उचलायचा, या क्रियेला लिफ्ट म्हणतात. हल्ली डोंगरात गाड्या नेणारी मंडळी असेच करतात म्हणे.

शहरातल्या ज्या कारखान्यात आम्ही गेलो, तिथल्या तरुणाने शिंप्याने विचारावे तसे विचारले, "सर, दोन इंची करू की चार इंची?"

वाचकहो, इथे माझी चूक झाली. कापड घेताना आपण अंगाला किती लागते ते पाहतो. पण इंच विकत घेताना माणसाला वाटते की, दोनापेक्षा चार बरे. मी चार म्हटले. शॉकअप कोणते, या प्रश्नाला "सगळ्यांत कडक", असे मेहुणे माझ्या वतीने म्हणाले. चार दिवसांनी लांब शॅकल, दोन दोन जादा पाटे आणि लांबलचक शॉकअप घालून जीप परत आली. बिल पाहून मला सातवा वेतन आयोग आठवला. पण जीप मोठी ऐटबाज दिसत होती. चिरंजीवांनी तिच्यासमवेत फोटो काढून घेतले.

दुसऱ्या दिवशी आईला खाली आणले. गावी जायच्या आधी एक फेरफटका, असा बेत. तिने दाराची दांडी धरली, पाय उचलला, आणि तो अधांतरीच राहिला. पुन्हा उचलला. आमच्या जिन्याची पायरी सात इंचांची आहे. ती आई एकेक करून चढते. इथे तसल्या चार पायऱ्या एकदम चढायच्या होत्या. मी धावत वर गेलो आणि घरातला चौरंग घेऊन आलो.

"सत्यनारायणाच्या चौरंगावर पाय ठेवू?" आई म्हणाली.

मग ती थोडी हसली आणि माझ्या दंडाचा आधार घेऊन मागे वळली. "तुम्ही जाऊन या. घर कसे आहे ते मला येऊन सांगा."

एवढेच बोलली. त्या रात्री मला झोप लागली नाही. जिच्यासाठी जीप घेतली, तिच्याच पायांपासून मी ती चार इंच दूर नेऊन ठेवली होती.

पुढच्या महिन्यात मी एकटाच गावी निघालो. तेव्हा जीपने आपले इतर गुणही दाखवले. रिकामी असली की ती तापल्या कढईतल्या मक्याच्या दाण्यासारखी उडे. पन्नासच्या वेगाला खालून गुणगुणल्यासारखा आवाज येई. वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नसे. राजापूरला पोहोचेपर्यंत माझा पाठीचा कणा व्याकरणातल्या विसर्गासारखा दोन ठिकाणी जाणवू लागला.

राजापुरात एका जुन्या मिस्त्रींनी जीप पाहिली. ते पोत्यावर आडवे होऊन खाली गेले, बराच वेळ काही बोलले नाहीत, आणि बाहेर येऊन त्यांनी मला तीन प्रश्न विचारले.

"मास्तर, गाडीत माणसं किती?"

"चार. कधी पाच."

"सामान?"

"दोन बॅगा. येताना नारळांचे एक पोते."

"मोठे टायर घालणार?"

"छे!"

"मग उंची कोणासाठी केलीत?"

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हते. विद्यार्थी उत्तर येत नसले की जसे छताकडे पाहतात, तसे मी पत्र्याकडे पाहिले.

मिस्त्रींनी खडूने फरशीवर आकृती काढली. मागच्या आसाच्या मध्यावर डिफरन्शियलचा जो मोठा गोळा असतो, तो आसाबरोबरच राहतो. सांगाडा चार इंच उचलला किंवा चाळीस इंच उचलला, तरी गोळा जमिनीपासून तेवढाच. तो वर जातो तो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या व्यासात पडलेल्या फरकाच्या निम्म्याने. लिफ्टने दोन गोष्टी मिळतात: मोठ्या टायरला जागा, आणि दोन आसांमधल्या पोटाला मोकळीक. त्यांच्या बदल्यात पुष्कळ काही द्यावे लागते. गाडीचा गुरुत्वमध्य वर जातो, म्हणजे आडव्या उतारावर ती कलंडण्याची भीती वाढते. प्रॉपेलर शाफ्टचा कोन तिरपा होतो आणि त्याच्या क्रॉसवर ताण येतो. माझी गुणगुण ती हीच. पुढचे शॅकल लांब केले की आसाचा कल बदलतो, म्हणून स्टिअरिंग मधोमध परत येत नाही. आणि ब्रेकची रबरी नळी मिस्त्रींनी मला बोटाने वाजवून दाखवली. ती सतारीच्या तारेसारखी ताणलेली होती. चाक आणखी एका खड्ड्यात उतरले असते तर तुटली असती. ते ऐकून मला घाम फुटला. या गाडीत मी आईला बसवणार होतो!

मग पाट्यांची आणि शॉकअपची गोष्ट निघाली. आपण सारे या दोहोंची गल्लत करतो. वजन पेलतो तो पाटा. शॉकअप वजन पेलत नाही. पाटा खालीवर होऊ लागला की त्याला आवरतो. त्याच्या आत तेल असते. दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून ते तेल ढकलले जाते आणि पाट्याची उसळी उष्णतेत जिरते. पाटा म्हणजे वाक्य आणि शॉकअप म्हणजे विरामचिन्ह, अशी खूणगाठ मी बांधून घेतली. पूर्णविराम कितीही मोठा काढला, म्हणून वाक्य लांब होत नाही.

पाटे निवडायचे ते गाडीत रोज जेवढे वजन असते तेवढ्यासाठी. वर्षातून एकदा येणाऱ्या वजनासाठी निवडू नयेत. जादा पाटे कायम भरलेल्या गाडीला उपयोगी. चार माणसांच्या गाडीत ते वाकतच नाहीत, आणि जो धक्का पाट्याने गिळायचा तो माणसाच्या मणक्याला गिळावा लागतो. शिवाय पाटे एकमेकांवर घासतात, त्यात थोडी उसळी आपोआपच जिरते. म्हणून पाट्यांच्या गाडीला फार कडक शॉकअप लागत नाहीत. नव्या थारची गोष्ट वेगळी. 2020 साली आलेल्या त्या गाडीला पाटे नाहीतच, चारही चाकांवर स्प्रिंगची वेटोळी आहेत, आणि मुळातच ती जमिनीपासून 226 मिलिमीटर उंच आहे. ती घेऊन लगेच लिफ्टच्या मागे लागणाऱ्यांनी आधी मूळ गाडीने आपली वाट चालून पाहावी.

शॉकअपची लांबी अंदाजाने घेऊ नये. जुना काढून ठेवावा, चाक पुरते वर दाबले असता दोन टोकांमधले अंतर मोजावे, आणि चाक पुरते लोंबत असतानाचेही मोजावे. नवा शॉकअप मिटला असता पहिल्या मापाहून आखूड हवा आणि उघडला असता दुसऱ्या मापाहून लांब हवा. माझे लांबलचक शॉकअप पाटा पुरता दबण्याच्या आधीच मिटून ठोकत होते.

प्रकार मुख्यतः दोन. एका नळीचा शॉकअप लवकर थंड होतो. पण त्याच्या अंगाला दगड लागून पोचा पडला, तर आतला दट्ट्या अडकतो. दोन नळ्यांच्या शॉकअपमध्ये बाहेरची नळी आतलीचे रक्षण करते. दोन्हींत नायट्रोजन वायू भरलेले प्रकार मिळतात. त्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही. आमची वाट तीन किलोमीटरची, वेग बैलगाडीचा, आणि दगड मात्र मुबलक. मिस्त्रींनी दोन नळ्यांचे, वायू भरलेले, मध्यम सांगितले.

शेवटी त्यांनी चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावला. लिफ्ट करण्यापूर्वीची मापे बिलाच्या मागे लिहिलेली होती. ती आपल्या वहीतल्या मूळ मापाशी ताडून ते म्हणाले, "मास्तर, तुमचे जुने पाटे वयाने दीड इंच बसले होते. पोटाला दगड लागला तो त्या दीड इंचाचा. गाडीची गेलेली उंची तेवढी परत आणा."

वर कायदाही आहेच. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीपत्रातला तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने 2019 साली हे पुन्हा स्पष्ट केले आहे. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी नवी करावी लागते, तेव्हा तपासनीस गाडी डोळ्यांनी पाहतो. म्हणून ज्यांना खरोखरच लिफ्ट हवी असेल, त्यांनी कारखान्यात जाण्यापूर्वी परिवहन कार्यालयात जावे. मी उलट क्रमाने गेलो असतो, तर माझी काही धडगत नव्हती.

मूळ संख्येचे नवे पाटे, नवे बुश, मूळ मापाचे शॅकल, मापून घेतलेले चार शॉकअप, असे काम दोन दिवसांत झाले. जुने जादा पाटे मिस्त्रींनी एका टेंपोवाल्याला विकून मला पैसे परत दिले. निघताना दोन गोष्टी सांगितल्या. खडकाळ वाट लागली की टायरची हवा तीसवरून बावीसवर आणायची आणि डांबरी आली की पुन्हा भरायची. याहून स्वस्त आराम नाही. दुसरे, घरी पोहोचलात की चारही शॉकअपना हात लावून बघायचा. काम केलेला शॉकअप गरम असतो. एखादा गार लागला तर तो मेलेला समजायचा.

हे सारे मी पुण्याला येऊन जेवताना सविस्तर सांगितले. सौभाग्यवतींनी मध्येच दोनदा भात वाढला. आई मात्र ऐकत होती.

त्या वर्षी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी आम्ही निघालो. लाकडी स्टुलाच्या दोन पायऱ्या करून घेतल्या होत्या. आई एका हाताने दांडी आणि दुसऱ्या हाताने माझा खांदा धरून आत बसली. सडक संपली तिथे मी हवा कमी केली. चर आला, पऱ्या आला, चढ आला. मी दर दगडाला तिच्याकडे पाहत होतो.

"समोर बघ," ती म्हणाली. "लग्न होऊन मी या वाटेने बैलगाडीतून आले. तिला कुठे होते पाटे?"

घर दिसले. अंगणात तण माजले होते, पण ओटा शाबूत होता. फणसही उभा होता. तिला उतरवून ओट्यावर बसवले. ती बराच वेळ काही बोलली नाही. भिंतीवरून हात फिरवत राहिली. मी सामान काढू लागलो.

"सामान राहू दे," ती म्हणाली. "आधी ते चार हात लावून बघ. मिस्त्रींनी सांगितले आहे ना?"

मी खाली वाकलो आणि एकेकाला हात लावला. चारही सारखे गरम होते.